पसंतीची ठेव



घरातील आजोबांसाठी संगणकाच्या पडद्यावरील अक्षरे मोठी करून द्यावीत, भाषा मराठी करावी, कळफलक देवनागरीचा ठेवावा आणि पडद्याचा झगझगीत पांढरेपणा जरा मंद करावा. दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू केले की ती सारी मांडणी जशीच्या तशी पुढे उभी राहते. यात काही विशेष घडले असे कोणास वाटत नाही. रात्री कोनाड्यात ठेवलेला दिवा सकाळी कोनाड्यातच सापडावा, तसे आपण ते गृहीत धरतो. परंतु एखाद्या दिवशी अक्षरे पुन्हा मुंगीएवढी होतात, भाषा इंग्रजी होते, आणि आजोबा दोनतीनदा चष्मा पुसून पाहतात व अखेरीस यंत्रापुढून उठून जातात. तेव्हा मात्र मनात प्रश्न येतो की, आपण सांगितलेले हे यंत्र लक्षात ठेवते तरी कोठे? आणि विसरते ते कसे?

आजच्या लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. विषय यंत्राचा असला तरी त्याचे मर्म घरगुतीच आहे. दुसऱ्याने विश्वासाने हाती दिलेली वस्तू कोठे ठेवावी, मागताक्षणी ती कशी परत करावी, आणि नवी ठेव स्वीकारताना जुनी कशी गमावू नये, एवढाच तो प्रश्न आहे. ज्या घरांतील मुलेमुली आज संगणकाचे शिक्षण घेत आहेत, त्यांनी हा लेख जरा अधिक लक्ष देऊन वाचावा. कारण उद्या ही ठेव सांभाळण्याचे काम त्यांच्याच हाती येणार आहे.

विसरणे हा यंत्राचा स्वभाव

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपण एखादा प्रोग्राम उघडतो तेव्हा तो यंत्राच्या तात्पुरत्या स्मरणात चालत असतो. हे स्मरण शाळकरी मुलाच्या पाटीसारखे असते. खिडकी मिटली, वीज गेली, की पाटी कोरी. यास्तव आपण केलेली निवड टिकावी अशी इच्छा असेल, तर प्रोग्रामाने ती डिस्कवरील एखाद्या फाईलमध्ये लिहून ठेवली पाहिजे, आणि पुढच्या वेळी उघडताना ती फाईल प्रथम वाचली पाहिजे. लिहिण्याच्या क्रियेला जतन करणे म्हणावे, वाचण्याच्या क्रियेला उचलून घेणे म्हणावे, आणि जे लिहिले-वाचले जाते त्याला सेटिंग म्हणतात. अक्षरांचा आकार, रंग, भाषा, खिडकीची लांबीरुंदी, शेवटी उघडलेला कागद, ही सारी सेटिंग्ज होत.

हे ऐकण्यास सोपे वाटते. तथापि कोठे लिहावे, केव्हा लिहावे आणि कसे लिहावे, या तीन प्रश्नांवर जाणत्या मंडळींनी सुमारे चाळीस वर्षे डोके खर्ची घातले आहे. त्यांच्या अनुभवाची कथा बोधप्रद आहे.

एक्स-खिडक्यांची वहिवाट

अमेरिकेत केंब्रिज येथे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही प्रसिद्ध संस्था आहे. तेथे १९८३ साली विद्यार्थ्यांना संगणक उपलब्ध करून देण्यासाठी ‘प्रोजेक्ट अथीना’ नावाचा उपक्रम सुरू झाला. डिजिटल इक्विपमेंट व आयबीएम या कंपन्यांचे त्याला साहाय्य होते. त्या उपक्रमाच्या निमित्ताने रॉबर्ट शायफ्लर व जिम गेटिस यांनी १९८४ साली पडद्यावर खिडक्या मांडण्याची एक व्यवस्था रचण्यास प्रारंभ केला. आधी ‘डब्ल्यू’ नावाची एक व्यवस्था होती; इंग्रजी वर्णमालेत तिच्यापुढचे अक्षर एक्स, म्हणून हिचे नाव ‘एक्स’ पडले. तिची अकरावी आवृत्ती १९८७ साली बाहेर आली.

या व्यवस्थेचा एक विशेष असा की, प्रोग्राम एका यंत्रावर चालत असावा आणि त्याची खिडकी दुसऱ्याच यंत्राच्या पडद्यावर दिसावी, हे तिला सहज जमे. मग विद्यार्थ्याची पसंती ठेवावी कोठे? प्रोग्राम ज्या यंत्रावर चालतो तेथे ठेवली, तर प्रत्येक यंत्रावर ती पुन्हा सांगावी लागणार. म्हणून तोड अशी काढली की, विद्यार्थी कामास बसताच त्याच्या पसंतीची फाईल वाचून ती पडद्याचा कारभार पाहणाऱ्या मुख्य प्रोग्रामाच्या स्वाधीन करावयाची. ‘एक्सआरडीबी’ नावाचे एक छोटे साधन हे काम करी. पडद्यावर सर्वांत खाली जी मूळ खिडकी असते, तिला ही पसंती जणू चिकटवून ठेवली जाई. पुढे कोणत्याही यंत्रावरील प्रोग्राम त्या पडद्यावर खिडकी उघडावयास आला की तो तेथूनच पसंती वाचून घेई.

पसंती लिहिण्याची रीतही सुटसुटीत होती. डावीकडे वस्तूचे नाव, मध्ये विसर्गासारखी दोन टिंबे, उजवीकडे तिचा गुण. नावात तारकेची खूण घातली की तो नियम त्या घराण्यातील साऱ्या वस्तूंना लागू होई. ‘सर्वांची पार्श्वभूमी करडी’ असे एका ओळीत सांगता येई, आणि ‘फक्त अमक्याची काळी’ असा अपवाद दुसऱ्या ओळीत.

याहून महत्त्वाची होती ती थरांची कल्पना. सर्वांत खाली प्रोग्राम रचणाऱ्याने ठरवलेल्या मूळ सेटिंग्जची फाईल असे. तिच्यावर विद्यार्थ्याची स्वतःची पसंती, तिच्यावर त्या विशिष्ट यंत्रापुरती सूचना, आणि सर्वांच्या वर प्रोग्राम सुरू करताना त्या वेळेपुरती सांगितलेली गोष्ट. दोन थरांत विरोध आला, तर वरचा थर मानावयाचा. घरातही असेच चालते. जेवणाची वेळ बाराची, हा घराचा नियम. आजारी माणसाला अकरालाच वाढावे, ही त्याच्यापुरती सोय. आणि आज पाहुणे येणार म्हणून एक वाजता, ही आजच्यापुरती सूचना. पाहुणे गेले की घराचा नियम आपोआप पूर्ववत लागू होतो. तो कोणी खोडलेला नसतो. मूळ नियम आणि व्यक्तीची पसंती ही दोन ठिकाणी ठेवली, तर एकाच्या बदलाने दुसऱ्याचा नाश होत नाही, हा धडा एक्सने शिकवला.

मात्र एक उणीव राहिली. उचलून घेण्याची सोय उत्तम होती, जतन करण्याची जवळजवळ नव्हतीच. रंग बदलावयाचा तर फाईल आपल्या हाताने उघडून ओळ लिहावी लागे. नावात एका अक्षराची चूक झाली तर प्रोग्राम तक्रार न करता ती ओळ सोडून देई, आणि लिहिणारा का बदलत नाही म्हणून तिष्ठत बसे. विद्वानांच्या विद्यालयात हे चालले; घरोघरच्या माणसाला ते चालणार नव्हते.

एकच पेटारा, सर्वांचे कपडे

त्याच सुमारास घरच्या व कचेरीच्या लहान यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्ट कंपनीची ‘विंडोज’ १९८५ साली निघाली. तिच्यात ‘विन डॉट आयएनआय’ नावाची साधी मजकुराची फाईल होती. चौकटी कंसात विभागाचे नाव, खाली एकेक ओळीत ‘अमुक बरोबर तमुक’ अशी नोंद. प्रोग्रामाला ती वाचता येई आणि लिहिताही येई, ही मोठीच सोय झाली. परंतु जो तो प्रोग्राम आपली सेटिंग्ज त्याच एका फाईलमध्ये कोंबू लागला. त्या काळच्या रचनेत अशा फाईलला ६४ किलोबाइटची मर्यादा होती. प्रोग्राम काढून टाकला तरी त्याच्या ओळी मागे उरत. शिवाय घरातील सर्वांची मिळून फाईल एकच. आजोबांनी अक्षर मोठे केले की नातवाचेही मोठे होई.

मराठी माणसाला या फाईलचा आणखी एक जाच होता आणि तो पुष्कळांना अजूनही ठाऊक नाही. ही फाईल इंग्रजी व युरोपीय लिप्यांसाठी केलेल्या जुन्या अक्षरसंकेतांत लिहिली जाई. देवनागरीसाठी विंडोजमध्ये तसा जुना संकेत मुळी नव्हताच. पुढे विंडोज २००० पासून मराठी आली ती युनिकोड या सर्व लिप्यांना सामावून घेणाऱ्या संकेताच्या आधारे. त्यामुळे एखाद्या प्रोग्रामाने देवनागरीत लिहिलेले नाव जुन्या पद्धतीच्या अशा फाईलमध्ये जतन केले, तर दुसऱ्या दिवशी नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राही. लिहिताना चूक दिसत नसे; चूक दिसे ती वाचताना, आणि तोवर मूळ अक्षरे कायमची गेलेली असत. फाईल आरंभापासूनच युनिकोडमध्ये निर्माण केली असेल, तर हा अनर्थ टळतो. आपल्या मुलांपैकी जो कोणी प्रोग्राम रचील, त्याने एवढी एक गोष्ट गाठीस बांधून ठेवावी.

ॲपल कंपनीने आपल्या मॅकिंटॉश यंत्रांवर १९९१ साली सेटिंग्जसाठी एक स्वतंत्र फोल्डर नेमून दिले आणि त्याला ‘प्रेफरन्सेस’, म्हणजे पसंती, असेच नाव दिले. प्रत्येक प्रोग्रामाची फाईल त्यात वेगळी. मायक्रोसॉफ्टने दुसरी वाट धरली. १९९३ सालच्या विंडोज एनटीमध्ये आणि १९९५ सालच्या विंडोज ९५ मध्ये तिने ‘रजिस्ट्री’ नावाचे एक मोठे दप्तर उभे केले. त्यात यंत्राची सेटिंग्ज एका शाखेत आणि प्रत्येक व्यक्तीची आपापल्या शाखेत, अशी वाटणी झाली. आजोबा आणि नातू यांची पसंती वेगळी राहू लागली, हा तिचा मोठा गुण. परंतु दप्तर साध्या मजकुराचे नसल्यामुळे सामान्य माणसाला ते उघडून वाचता येईना, आणि ते बिघडले तर एका प्रोग्रामाची नव्हे, साऱ्या यंत्राचीच पंचाईत होई. हे ओळखूनच विंडोज ९५ यंत्र नीट सुरू झाले की या दप्तराची एक नक्कल बाजूस काढून ठेवीत असे.

पुन्हा साध्या वह्यांकडे

१९९६ साली जर्मनीत माथियास एट्रिश या विद्यार्थ्याने ‘केडीई’ या प्रकल्पाची घोषणा केली. पुढल्याच वर्षी मेक्सिकोतील मिगेल दे इकासा व फेदेरिको मेना यांनी ‘ग्नोम’ आरंभले. हेतू हा की, लिनक्ससारख्या मुक्त व्यवस्थांवर साध्या माणसाला वापरता येतील अशा खिडक्या मिळाव्यात. या दोन्ही प्रकल्पांचे मराठी रूपही मिळते, म्हणून त्यांची गोष्ट आपल्याला अधिक जवळची.

केडीईने चौकटी कंसाची ती जुनी सोपी पद्धत घेतली, पण प्रत्येक प्रोग्रामाला त्याची स्वतंत्र फाईल दिली, प्रत्येक व्यक्तीला तिचे स्वतंत्र फोल्डर दिले, आणि एक्सची थरांची कल्पना कायम ठेवली. शाळेतील व्यवस्थापकाने खालच्या थरात एखादी ओळ ‘न बदलणारी’ म्हणून खूण केली, तर मुलांना ती बदलता येत नाही. ग्नोमने २०११ पासून ‘डीकॉन्फ’ नावाचे एक आटोपशीर कोठार वापरात आणले. त्यात एका खिडकीत सेटिंग बदलले की ज्यांचा त्याच्याशी संबंध आहे त्या साऱ्या प्रोग्रामांना तत्काळ वर्दी जाते. अक्षर मोठे करताच सगळ्या खिडक्यांतील अक्षरे त्याच क्षणी मोठी होतात, ती या वर्दीमुळे.

येथे एक बारकावा आहे, आणि तो मोठा शहाणपणाचा आहे. चांगली व्यवस्था वापरणाऱ्याच्या फाईलमध्ये सर्व सेटिंग्ज उतरवून ठेवीत नाही. मूळ सेटिंगपासून त्याने जेवढे बदलले तेवढेच ती लिहिते. याचे कारण असे की, उद्या प्रोग्रामाची नवी आवृत्ती आली आणि तिच्या कर्त्यांनी एखादे मूळ सेटिंग सुधारले, तर ज्याने त्याला हात लावलेला नाही त्याला ती सुधारणा आपोआप मिळावी. आणि ज्याने मुद्दाम काही निवडले आहे, त्याची निवड अबाधित राहावी. सगळेच लिहून ठेवले तर माणसाने निवडलेले कोणते आणि नुसतेच चालत आलेले कोणते, हा भेदच पुसला जातो.

केव्हा लिहावे?

आता दुसरा प्रश्न. काही खिडक्यांत ‘ठीक’ असे बटन दाबल्यावर सेटिंग लिहिले जाते. तोवर विचार बदलण्यास वाव असतो. काही ठिकाणी बदल करताक्षणीच ते लिहिले जाते. आणि काही प्रोग्राम मिटताना एकदाच सारे लिहितात. ही तिसरी रीत सर्वांत धोक्याची. कारण प्रोग्राम नेहमी सरळपणे मिटतोच असे नाही. गावात वीज अचानक जाते. मिटण्याच्या क्षणावर भरवसा ठेवणारा प्रोग्राम त्या दिवशीची सारी निवड गमावून बसतो.

एक्स व्यवस्थेत १९९४ सालच्या सुधारणेने या मिटण्याच्या क्षणाला एक शिस्त लावली. माणूस काम संपवून निघाला की एक कारभारी प्रोग्राम प्रत्येक खिडकीवाल्या प्रोग्रामाला संदेश पाठवतो. त्याचा भावार्थ ‘आपले आवरून घे’ असा. प्रोग्राम आपली स्थिती लिहून ठेवतो, पुन्हा सुरू करण्यासाठी कोणती आज्ञा द्यावी हे कारभाऱ्याला सांगतो, आणि ‘आवरले’ असे उत्तर देतो. एखाद्याजवळ न जपलेले लिखाण असेल तर तो थोडे थांबण्याची परवानगी मागून मालकाला विचारू शकतो. सर्वांची उत्तरे आल्यावर मग कारभारी दिवे मालवतो. पुढच्या वेळी त्याच यादीवरून सारे पुन्हा उभे केले जाते. लग्नघरातील कर्ता पुरुष शेवटची पंगत उठल्यावर प्रत्येकाला विचारून मगच दार लावतो, तशीच ही रीत.

एका वर्षीचा अनर्थ

परंतु नुसते ‘लिहिले’ म्हणजे ‘जपले’ असे होत नाही. याचा धडा २००९ साली मिळाला.

लिनक्सवर डिस्कवरील फाईलींचा कारभार पाहणारी ‘एक्स्ट-४’ नावाची नवी व्यवस्था २००८ च्या डिसेंबरात सर्वांसाठी खुली झाली. २००९ च्या आरंभी तिची परीक्षा घेणाऱ्या काही लोकांनी तक्रार केली की, यंत्र अचानक बंद पडून पुन्हा सुरू झाले की केडीई व ग्नोम यांच्या सेटिंग्जच्या फाईली जागेवर असतात, पण त्या रिकाम्या असतात. नाव आहे, पण आत एक अक्षरही नाही. रंग, खिडक्या, निवडी, सारे नाहीसे.

कारण असे होते. पुष्कळ प्रोग्राम जतन करताना जुनी फाईल प्रथम रिकामी करीत आणि मग तिच्यात नवा मजकूर ओतीत. ‘ओतला’ असे यंत्राने सांगितले, तरी प्रत्यक्षात तो मजकूर काही काळ तात्पुरत्या स्मरणातच राहतो आणि सवडीने डिस्कवर उतरतो. पूर्वीच्या एक्स्ट-३ या व्यवस्थेत हा काळ साधारण पाच सेकंदांचा असे, म्हणून धोका सहसा उघडा पडत नसे. नव्या व्यवस्थेने वेग साधण्यासाठी हा काळ अर्ध्या मिनिटापर्यंत, प्रसंगी त्याहूनही अधिक, लांबवला. फाईल रिकामी केल्याची नोंद डिस्कवर आधी पोहोचे, मजकूर मागाहून. मधल्या काळात वीज गेली, की जुने पुसलेले आणि नवे न उतरलेले.

एक्स्ट-४ च्या प्रमुख कर्त्यांपैकी थिओडोर त्सो यांनी मांडले की, मजकूर डिस्कवर खरोखर उतरला याची खात्री करून घेण्याची एक आज्ञा प्रमाण नियमांत आहे. प्रोग्रामांनी ती द्यावयास हवी होती. प्रोग्राम रचणारे म्हणाले की, शेकडो बारीक फाईलींसाठी दर वेळी ती आज्ञा दिली तर यंत्र मंदावते. दोन्ही बाजूंना काही सत्य होते. अखेर त्याच वर्षी लिनक्सच्या पुढील आवृत्तीत एक्स्ट-४ ने अशा प्रसंगी मजकूर लवकर उतरवण्याची तजवीज केली, आणि प्रोग्रामकारांनाही आपली रीत तपासून पाहावी लागली. परंतु ज्याची निवड पुसली गेली त्या माणसाला या वादाशी काय कर्तव्य? त्याने ठेव दिली होती. ती त्याला परत मिळाली नाही.

जपण्याची योग्य रीत

योग्य रीत जुनीच आहे आणि साधी आहे. दुकानदार खतावणी नव्याने उतरवितो तेव्हा जुनी आधी चुलीत घालीत नाही. तो शेजारी नवी वही घेतो, तिच्यात सारे उतरवतो, बेरीज ताडून पाहतो, आणि मगच जुनी बाजूस सारून नवी तिच्या जागी ठेवतो. प्रोग्रामानेही तेच करावे. नव्या नावाने शेजारी फाईल निर्माण करावी. तिच्यात सर्व मजकूर लिहावा. तो डिस्कवर उतरल्याची खात्री करून घ्यावी. आणि मग एका फटक्यात तिला जुन्या फाईलचे नाव द्यावे. नाव बदलण्याची ही क्रिया अर्धवट होत नाही. मध्ये वीज गेली, तरी एक तर पूर्ण जुनी फाईल हाती राहते, नाही तर पूर्ण नवी.

आपल्या हातातील अँड्रॉइड फोनमध्येही सेटिंग्ज साठवण्याची जी एक मूळ सोय आहे, तिने याच जातीची युक्ती केली आहे. लिहिण्याआधी जुन्या फाईलला राखीव प्रत म्हणून वेगळे नाव दिले जाते. नवी नीट लिहून झाली की राखीव प्रत काढली जाते. पुढच्या वेळी वाचताना राखीव प्रत शिल्लक दिसली, तर मधेच काही बिनसले असे समजून तीच प्रमाण मानली जाते.

उचलून घेतानाही सावधगिरी हवी. शेजारी जोडलेल्या दुसऱ्या पडद्यावर खिडकी होती, तिची जागा लिहून ठेवली. उद्या तो पडदा काढून नेला. आता प्रोग्राम लिहिलेल्या जागेवर आंधळेपणाने खिडकी उघडील तर ती कोणालाच दिसणार नाही, आणि प्रोग्राम उघडतच नाही असे माणसाला वाटेल. म्हणून वाचलेली प्रत्येक नोंद आजच्या परिस्थितीशी ताडून पाहावी. एक ओळ बिघडली तर तेवढीच सोडून मूळ सेटिंग घ्यावे; एका नासक्या आंब्यासाठी सारी अढी फेकू नये. न समजणारी ओळ पुसू नये. ती कदाचित नव्या आवृत्तीची असेल. आणि पडद्यावर ‘मोठे’, ‘लहान’ असे मराठी शब्द दाखवले, तरी फाईलमध्ये भाषेबरोबर न बदलणारी खूणच लिहावी. नाही तर भाषा पालटताच प्रोग्रामाला आपलेच लिहिलेले कळेनासे होते.

घरी काय करावे

प्रोग्राम रचणाऱ्यांचे कर्तव्य सांगितले. आता वापरणाऱ्यांसाठी चार गोष्टी.

पहिली, एका यंत्रावर घरातील अनेकजण बसत असतील तर प्रत्येकाच्या नावाने स्वतंत्र खाते उघडावे. आजच्या सर्व व्यवस्थांत पसंती खात्यागणिक वेगळी राहते. आजोबांची मोठी अक्षरे आणि नातवाची लहान यांत मग तंटा उरत नाही.

दुसरी, यंत्र बंद करताना सरळ मार्गाने बंद करावे. बटन दाबून धरू नये, तार उपटू नये. ‘आपले आवरून घे’ हा संदेश पोहोचण्यास थोडा अवधी द्यावा.

तिसरी, मांडणी एकदा मनासारखी झाली की तिची नक्कल काढून ठेवावी. लिनक्सवर बहुतेक प्रोग्रामांची सेटिंग्ज आपल्या घर-फोल्डरातील ‘डॉट कॉन्फिग’ नावाच्या फोल्डरात असतात. नावाच्या आरंभी टिंब असल्यामुळे ते सहसा दिसत नाही, पण लपलेल्या फाईली दाखवा असे सांगितले की दिसते. त्याची प्रत एखाद्या पेनड्राइव्हवर ठेवावी. विंडोजवर रजिस्ट्रीस उगाच हात लावू नये; जाणत्याने लावलाच, तर आधी त्या शाखेची प्रत बाहेर काढून घ्यावी.

चौथी, एखादा प्रोग्राम उघडेनासा झाला आणि दोष सेटिंगच्या फाईलचा वाटला, तर ती पुसू नये. प्रोग्राम बंद असताना तिचे नाव बदलावे. फाईल न सापडल्यास प्रोग्राम मूळ सेटिंग्ज घेऊन उघडतो. दोष तिच्यात नव्हता असे दिसले, तर जुने नाव परत द्यावे. काहीच गमावले जात नाही.

लहानशी निवड, मोठा अर्थ

कोणी म्हणेल, अक्षरांचा आकार तो काय, पुन्हा मोठा करता येईल. ज्याला करता येतो त्याच्या दृष्टीने हे खरे आहे. परंतु ज्या वृद्धाला तो दुसऱ्याने करून दिला, आणि करून देणारा नोकरीसाठी दूर गावी निघून गेला, त्याच्या दृष्टीने ते सेटिंग म्हणजे यंत्राचे दारच होय. ते हरवले की दार बंद झाले. दूरच्या मुलाचे पत्र वाचणे, नातवंडांचा चेहरा पाहणे, सारे त्या एका ओळीवर अवलंबून असते. ‘आकार बरोबर अठरा’ अशी ती एवढीशी ओळ. पण ती लिहिणाऱ्याने जपून लिहिली आणि वाचणाऱ्याने जपून वाचली, तरच आजोबा उद्या सकाळी पुन्हा यंत्रापुढे बसतील.

म्हणून मुलांनो, उद्या तुम्ही प्रोग्राम रचाल तेव्हा खिडक्यांचे रंग सुंदर करालच. पण वापरणाऱ्याची फाईल उघडताना ती परक्याची ठेव आहे हे विसरू नका. आणि घरातील वडीलधाऱ्यांसाठी यंत्राची मांडणी कोणी नुकतीच करून दिली असेल, तर तिची एक प्रत आजच काढून ठेवा.